जुन्या धाटणीची आरसी बग्गी: किट जोडण्यापासून तिला आपलं रूप देईपर्यंत

जुन्या धाटणीची बग्गी म्हणजे साधारण १९७९ ते १९९० या काळातली, १/१० मापाची, रिमोटवर चालणारी (आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल) ऑफ-रोड गाडी. मोटार मागे, पुढे अरुंद आणि मागे रुंद काटेरी टायर, टबासारखी प्लॅस्टिकची चासी आणि चालकाच्या जागी हेल्मेट घातलेला छोटा पुतळा. जपानच्या तामिया कंपनीच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर १९७९ च्या, फ्रॉग १९८३ ची, ग्रासहॉपर आणि हॉर्नेट १९८४ च्या. त्याच १९८४ मध्ये अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची आरसी१० आली. सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या चासीमुळे ती आजही लांबून ओळखू येते. जपानच्याच क्योशोची स्कॉर्पियन १९८२ ची, ऑप्टिमा १९८५ ची. यांतल्या बऱ्याच गाड्या २००४ नंतर एकेक करून पुन्हा किट म्हणून बाजारात आल्या. त्यामुळे नवशिक्याने चाळीस वर्षांचं ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक हातात घ्यायची काही गरज उरलेली नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. या गाड्यांचे गिअर, अ‍ॅक्सल, पुढचे आर्म (चाक धरणारे दांडे), सगळं काही साध्या ५४० (हे मोटारच्या आकाराचं माप) ब्रश मोटारच्या ताकदीला पुरेल एवढंच बनवलेलं आहे. मोटार बदलली की तो हिशेब चुकतो आणि मग एकामागून एक भाग तुटत जातात. म्हणून किट आधी जसं आहे तसं जोडायचं, चालवायचं, कुठे अडतं ते बघायचं आणि तेवढंच सुधारायचं. ताकद वाढवायची ती सगळ्यात शेवटी. नव्या माणसाचा उत्साह नेमका उलट्या क्रमाने धावतो.

पहिली गाडी कोणती घ्यावी

हॉर्नेट किंवा ग्रासहॉपर. दोन्हींची चासी आणि गिअरबॉक्स बहुतांशी सारखे, भाग कमी, आणि आपटल्या तरी सहसा काही होत नाही. मागचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स मिळून एकच ठोकळा असतो आणि तो अख्खा वर-खाली हलतो, म्हणजे मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन नाही. हॉर्नेटला मागे तेलाचे शॉक (धक्के पचवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि ५४० मोटार मिळते. ग्रासहॉपरच्या किटात लहान ३८० मोटार असते आणि तेलाऐवजी नुसत्या स्प्रिंग, म्हणून ती खडबडीत जागेवर टुणटुण उडते. तिची हीच चाल आवडणारे पुष्कळ आहेत, पण शिकायला हॉर्नेट बरी.

फ्रॉगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, चाल जास्त शहाणी आहे, जोडणी थोडी किचकट. सँड स्कॉर्चर आणि रफ रायडरच्या घराण्यातल्या गाड्यांना पुढे खऱ्या फोक्सवॅगन बीटलसारखे ट्रेलिंग आर्म, धातूचा गिअरबॉक्स आणि रेडिओसाठी बंद डबा असतो. दिसायला अप्रतिम, पण जड. पहिल्या किटासाठी नकोत. १९८५ ची हॉटशॉट चारही चाकांवर चालते, मात्र एखादा आतला भाग बदलायचा तर अर्धी गाडी उघडावी लागते. लंच बॉक्स ही उंच व्हॅन मुलांना फार आवडते. ती मागच्या दोन चाकांवर उभी राहते आणि तितक्याच सहज आडवीही होते.

हत्यारं

सगळ्यात आधी चांगला स्क्रूड्रायव्हर. जपानी किटातले पेच दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यांच्या खाचेत पूर्ण खाली बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएस नंबर २ चा लांब दांड्याचा ड्रायव्हर ३ मिमी पेचांना बसतो, तो आधी घ्या. त्याबरोबर १.५ मिमी अ‍ॅलन की (पिनियन, म्हणजे मोटारच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरच्या पेचासाठी), ४ मिमी लॉकनटसाठी ७ मिमीचा पाना, बाजूने कापणारं बारीक निपर, नाकाडी पक्कड, धारदार कटर, बारीक कानस, वाकड्या पात्याची कात्री आणि बॉडीला भोक मोठं करायचं रीमर. ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिशपेपर हाताशी ठेवा. किटात येणारा पत्र्याचा पाना वेळ भागवतो, पण नट गोल करतो.

जोडणी: प्लॅस्टिक आणि पेच

माहितीपुस्तिका एकदा शेवटपर्यंत वाचा, मग पिशव्या फोडा. पिशव्यांवर अ, ब, क अशा खुणा असतात. एकावेळी एकच उघडा आणि पेच वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. ३×८ आणि ३×१० चे पेच नजरेला सारखेच दिसतात, आणि लांब पेच चुकीच्या जागी गेला तर तो पलीकडून बाहेर येऊन एखाद्या आर्मची हालचाल अडवतो.

भाग साच्याच्या काडीवरून ओढून तोडू नका. निपरने आधी थोडं लांब कापायचं, मग उरलेला अंकुर दुसऱ्या कापात भागालगत काढायचा आणि कटरने साफ करायचा. आर्मच्या बिजागरीच्या जागी राहिलेला अर्ध्या मिमीचा अंकुरसुद्धा सस्पेन्शन जाम करतो. आर्म बसवल्यावर शॉक न लावता तो वर उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर कुठे घासतोय ते शोधून तिथलं प्लॅस्टिक हलकं खरवडा. पेच सैल ठेवून काम भागवू नका.

प्लॅस्टिकमध्ये जाणारे पेच स्वतःच आटे पाडत जातात. पहिल्यांदा घालताना पेचाच्या टोकाला साबण किंवा मेण लावा, अर्धा आत गेल्यावर थोडा मागे फिरवा आणि पुन्हा पुढे न्या. डोकं टेकलं की थांबा. त्यापुढे पाव फेरा पुरे; अधिक पिळलं तर आटे उडतात आणि ते भोक कायमचं निकामी होतं. पेच काढून परत घालताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात टोक पडल्याची बारीक ‘टिक’ जाणवते, तिथून सुलटा फिरवा. याने तेच भोक कितीतरी वेळा वापरता येतं.

थ्रेडलॉक, म्हणजे पेच सुटू न देणारा गोंद, फक्त धातू ते धातू. मोटारचे पेच, पिनियनचा पेच, लोखंडी नट यांना एक थेंब पुरतो. प्लॅस्टिकला तो लागला तर एबीएस (कडक) आणि पॉलिकार्बोनेट (बॉडीचं पारदर्शक) ही प्लॅस्टिकं चिरतात, आणि चीर दिसते ती बहुधा पहिल्या आपटीनंतर.

गिअरबॉक्स

इथे घाई करू नका. गाडीचा आवाज, वेग आणि आयुष्य सगळं इथे ठरतं.

जुन्या धाटणीच्या किटात बहुधा प्लॅस्टिकचे किंवा सच्छिद्र धातूचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या, येतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घालायचे असतील तर आत्ताच घाला, कारण नंतर पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. किट आधी जसंच्या तसं जोडा असं वर म्हटलं आहे, त्याला हा एक अपवाद. सर्वांत जास्त लागणारं माप ११५०: बाहेरचा व्यास ११ मिमी, आतला ५, रुंदी ४. दुसरं ८५०: बाहेर ८, आत ५, रुंदी २.५. संख्या पुस्तिकेतल्या बुशांवरून मोजा. धूळ आणि वाळूसाठी रबरी झाकणाचे बेअरिंग घ्या. पत्र्याच्या झाकणातून बारीक वाळू शिरते. बुश घर्षणाने झिजतात, अ‍ॅक्सल डगमगतो आणि गिअरचे दात तिरके चढतात. म्हणजे बेअरिंगमुळे मिळणाऱ्या वेगापेक्षा त्याने वाचणारे गिअर जास्त मोलाचे.

डिफरन्शियल, म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जोडणी; तिच्यात छोटे तिरपे गिअर असतात. कोरडं किंवा पातळ ग्रीस लावलेलं डिफरन्शियल फार मोकळं फिरतं: वळणावर आतलं मागचं चाक हलकं होतं, सगळी ताकद तिकडे जाते आणि गाडी जागीच माती उडवते. आत घट्ट, चिकट अँटी-वेअर प्रकारचं ग्रीस दाबून भरा. एक चाक धरून दुसरं फिरवल्यावर थोडा विरोध जाणवला पाहिजे. बाहेरच्या मोठ्या गिअरना मात्र नेहमीचं सिरॅमिक किंवा मोलिब्डेनम ग्रीस, तेही दातांवर पातळ थर. गिअरबॉक्स ग्रीसने भरून टाकला तर ते फेकलं जाऊन फटींतून बाहेर येतं आणि त्यावर वाळू चिकटते.

झाकण बंद करून मोटार लावण्याआधी अ‍ॅक्सल हाताने फिरवा. एकसारखा, हलका विरोध हवा. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल तर एखाद्या गिअरवर अंकुर राहिला आहे किंवा बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही. उघडा आणि दुरुस्त करा, चालवून ‘सुटेल’ अशी आशा धरू नका.

आता पिनियन, म्हणजे मोटारच्या दांड्यावरचा छोटा गिअर. दात मोजण्याआधी दातांचं माप बघा. जुन्या गाड्यांत ०.८ मोड्यूल, ०.६ मोड्यूल आणि ४८ पिच अशी वेगवेगळी मापं चालतात. ३२ पिच हे जवळपास ०.८ मोड्यूलच (०.७९), म्हणून ती दोन एकमेकांत खपतात. ४८ पिच मात्र ०.५३ मोड्यूल होतं, ते ०.६ बरोबर लावलं तर सुरुवातीला फक्त किंचाळतं आणि मग प्लॅस्टिकच्या गिअरचे दात खाऊन टाकतं. किटातला पिनियन मऊ धातूचा असेल तर तो पोलादी घ्या. मऊ पिनियन झिजून टोकदार होतो, त्याचा करडा भुगा ग्रीसमध्ये मिसळतो आणि ते मिश्रण गिअर घासत राहतं.

पिनियनचा पेच मोटारच्या दांड्यावरच्या सपाट भागावर आला पाहिजे. गोल भागावर घट्ट केला तर तो काही मिनिटांत सुटतो. मोटारचे पेच पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच वापरा. लांब पेच मोटारच्या आत जाऊन वेटोळ्याला लागतो आणि मोटार जळते. ज्या गाडीत मोटार मागे-पुढे सरकवता येते तिथे दोन गिअरमध्ये पातळ वहीच्या कागदाची पट्टी ठेवा, मोटार दाबून पेच घट्ट करा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर नागमोडी घडी पडावी, पण तो फाटू नये. हॉर्नेटसारख्या काही गाड्यांत अंतर साच्यातच ठरलेलं असतं, तिथे पुस्तिकेतल्या दातांच्या पिनियनपासून दूर जाता येत नाही.

पुढची बाजू

पुढच्या चाकांचे लॉकनट घट्ट करून पाव फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरावं, पण डगमगू नये. स्टिअरिंगच्या दोन्ही काड्या सारख्या लांबीच्या करा आणि वरून बघितल्यावर चाकं सरळ किंवा पुढच्या टोकाला किंचित आत झुकलेली, साधारण १ अंश, ठेवा. बाहेर झुकलेली असतील तर गाडी सरळ रेषेत अस्वस्थ चालते. दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे असलेली टर्नबकल घेतलीत तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना उलटा आटा एकाच दिशेला ठेवा, म्हणजे मैदानावर लांबी बदलताना पाना कुठे फिरवायचा याचा गोंधळ होत नाही.

सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटार. तिचा आर्म लावण्याआधी सर्वो मध्यावर आणा: रिसीव्हरला (रिमोटचा संदेश घेणारा गाडीतला भाग) जोडा, रिमोट सुरू करा, ट्रिम (मध्य सरकवण्याची रिमोटवरची सोय) शून्यावर ठेवा आणि मगच आर्म बसवा. सर्वो सेव्हर नक्की लावा. त्यातली स्प्रिंग चाकाला बसलेला धक्का सर्वोच्या गिअरपर्यंत जाऊ देत नाही. सर्वोचे दात २३, २४ की २५, हे सेव्हरशी जुळवून घ्या. न जुळणारा दाबून बसवला तर तो घसरत राहतो.

तेलाचे शॉक

१. पिस्टनच्या दांड्यावर बारीक ई-क्लिप बसवा. ती उडून हरवते, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा.
२. दांडा ओ-रिंगमधून नेताना दांड्याला ग्रीस किंवा शॉकचं तेल लावा. आटे कोरडे गेले तर ओ-रिंग कापली जाते. पहिल्याच दिवशी गळणारे शॉक बहुतेक वेळा याचमुळे गळतात.
३. पिस्टन तळाला ठेवून तेल जवळजवळ काठापर्यंत भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, मग शॉक उभा ठेवून ५ ते १० मिनिटं थांबा. बुडबुडे वर येऊन फुटले पाहिजेत.
४. काठापर्यंत तेल पुरं करा, रबरी पडदा टेकवा, पिस्टन थोडा वर ढकलून जादा तेल बाहेर येऊ द्या आणि झाकण फिरवा.
५. दांडा आत दाबून सोडा. आवाज येता कामा नये. ‘पचपच’ ऐकू आलं तर आत हवा आहे. शेवटचे काही मिमी दांडा आत जायला नकार देत असेल तर तेल जास्त झालं आहे.

तेल किती घट्ट? तामियाच्या मापाने ३०० ते ४०० नंबरपासून सुरुवात करा. मागे मोटारचं वजन असल्यामुळे मागचं थोडं घट्ट चालतं. पारख सोपी: तयार गाडी गुडघाभर उंचीवरून सपाट सोडा. ती एकदा दबून वर येऊन थांबावी. दोन-तीनदा उडाली तर तेल पातळ; दगडासारखी आपटली तर घट्ट. ज्या शॉकमध्ये तेल नाही, फक्त घर्षण आहे, तिथे दांड्याला अँटी-वेअर ग्रीस लावून थोडा फरक पाडता येतो. त्यापलीकडे तेलाच्या शॉकचा संच घ्यावा लागतो.

वीज आणि रेडिओ

जुन्या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालायच्या, आता २.४ गिगाहर्ट्झचा कोणताही दोन वाहिन्यांचा पिस्तुलासारखा रिमोट चालतो. जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर आणि त्याचा तापणारा रेझिस्टर दिसायला फार देखणा, पण तो फक्त कपाटात ठेवायच्या गाडीवर लावा. चालवायला इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी.

ईएससी घेताना दोन गोष्टी बघा: तो कमीत कमी किती वेटोळ्यांची मोटार पेलतो (वेटोळी जितकी कमी तितकी मोटार ताकदवान) आणि त्याला लिपोचा कट-ऑफ, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी फार उतरण्याआधी वीज तोडणारी सोय, आहे का. हॉबीविंग क्विकरन १०६० ब्रश मोटारसाठी चांगला आणि साधा आहे. दोन सेलच्या लिपोवर तो १२ वेटोळ्यांपर्यंतची ५४० मोटार पेलतो आणि बॅटरीचा प्रकार छोट्या जम्परने ठरवता येतो. जम्पर चुकीचा राहिला तर कट-ऑफ चुकीच्या व्होल्टेजला लागतो, तेव्हा तो आधी तपासा. तामियाच्या टीबीएलई-०२एस ला लिपो कट-ऑफ नाही. त्याच्याबरोबर निकेल मेटल हायड्राइड बॅटरी वापरा, किंवा लिपोवर वेगळा आवाज करणारा अलार्म लावा.

निकेलच्या सहा सेलची बॅटरी ७.२ व्होल्टची, दोन सेलची लिपो ७.४ व्होल्टची आणि भरल्यावर ८.४. लिपोचा प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेइतका ठेवा: ३००० एमएएचला ३ अँपिअर. लिपो बॅलन्स चार्जरवरच (तो प्रत्येक सेल सारखा भरतो), न जळणाऱ्या पिशवीत, समोर बसून चार्ज करा. जुन्या चासीतला बॅटरीचा खण गोल कोपऱ्यांच्या पॅकसाठी बनवलेला असतो. चौकोनी कोपऱ्यांची कडक लिपो तिथे बसत नाही, म्हणून गोल कोपऱ्यांची लिपो शोधा. खण कापत बसू नका, कारण तोच चासीची ताकद आहे.

पांढरा तामिया कनेक्टर साध्या मोटारला पुरतो. मोटार वाढवली की तो तापून वितळतो; त्याजागी डीन्स किंवा एक्सटी६० सोल्डर करा. बॅटरीच्या दोन तारा कधीही एकाच वेळी कापू नका. एक कापा, सोल्डर करा, झाका, मग दुसरी.

मोटारवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर (१०४ अशी खूण) असावेत: दोन्ही टोकांपासून कवचाला एकेक आणि दोन टोकांमध्ये एक. ते नसतील तर ब्रशच्या ठिणग्यांनी स्टिअरिंग थरथरतं. नवी ब्रश मोटार गाडीत घालण्याआधी ३ व्होल्टवर, कुठलाही भार न देता, १० ते १५ मिनिटं फिरवा. ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसतात आणि ठिणग्या कमी होतात.

सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. चाकं हवेत धरून रिमोट बंद करून बघा. चाकं थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटार थांबवणारी सोय) लावल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवू नका.

बॉडी आणि रंग

रंगाआधी बॉडी कशाची आहे ते ओळखा. हॉर्नेट आणि फ्रॉगची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. ग्रासहॉपर, लंच बॉक्स आणि सँड स्कॉर्चरची कडक एबीएसची. पहिलीला आतून रंगवतात, दुसरीला बाहेरून, आणि दोन्हींचे रंग वेगळे. तामियाचे पीएस रंग पॉलिकार्बोनेटसाठी, टीएस रंग कडक प्लॅस्टिकसाठी. टीएस पॉलिकार्बोनेटवर मारला तर पहिल्या आपटीत पापुद्रे निघतात.

पॉलिकार्बोनेट कापताना सरळ रेषांवर कटरने हलकी रेघ ओढा आणि वाकवा, ते रेघेवर तुटतं. गोलाईसाठी वाकडी कात्री. कडा ४०० च्या पॉलिशपेपरने साफ करा. खडबडीत कडेपासूनच चीर सुरू होते. बॉडी खांबांची भोकं रीमरने लहान पाडून थोडी थोडी मोठी करा. मग आतला भाग भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. साच्याचं तेलकट आवरण राहिलं तर रंग धरत नाही.

खिडक्या आतून टेपने झाका आणि टेपची कड नखाने दाबा. पहिला थर नुसता धुरळा, २५ ते ३० सेंटिमीटरवरून; तो टेपची कड बंद करतो. वाळू द्या, मग तसेच तीन-चार पातळ थर. एकच जाड थर दिला तर रंग टेपखाली शिरतो आणि वाळताना आकसून सुरकुततो. आतून रंगवत असल्यामुळे क्रम उलटा असतो: बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी. काळ्या पट्ट्या आधी, मग लाल, मग पांढरा. गडद रंग फिक्यानंतर मारला तर तो फिक्यातून डोकावतो. लाल, पिवळा आणि फ्लुरोसंट रंगांच्या मागे पीएस-१ पांढरा दिल्याशिवाय ते मळकट दिसतात. डबा थंड असेल तर काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हवेत फार दमटपणा असेल तर रंगकाम पुढे ढकला. बाहेरची संरक्षक फिल्म सगळं संपल्यावरच काढा.

एबीएस बॉडीला जोडाच्या रेषा ६०० ने घासून सपाट करा, १००० ने गुळगुळीत करा, धुवा, प्रायमर, मग रंगाचे दोन धुरळा थर आणि एक ओला थर. एक दिवस वाळू द्या.

स्टिकर कात्रीने रेषेच्या आत कापा आणि कोपरे थोडे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याचे थेंब मारले की स्टिकर सरकवून जागेवर आणता येतो. मग मऊ फडक्याने मधून कडेकडे पाणी काढा. वक्र भागावर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या. खोक्यावरच्या चित्रासारखीच सजवायची की आपली रंगसंगती करायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्या काळाचा बाज हवा असेल तर दोन-तीन सपाट रंग, सरळ तिरपे पट्टे आणि दारावर मोठा आकडा ठेवा. धातूची चमक आणि रंगांचे हळूहळू मिसळणारे पट्टे आले की गाडी लगेच आजची दिसते. चालकाचा पुतळा मन लावून रंगवा. उघड्या बग्गीत नजर सगळ्यात आधी त्याच्याकडे जाते.

पहिली फेरी

दोन-तीन मिनिटं चालवून थांबा. चाकांचे नट, मोटारचे पेच आणि पिनियन तपासा. मोटारला बोट लावून बघा. तीन-चार सेकंदही बोट ठेवता आलं नाही तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन लावा, किंवा गिअर कुठे जाम आहे ते शोधा. पूर्ण वळवल्यावर सर्वो गुणगुणत असेल तर रिमोटवरून स्टिअरिंगची मर्यादा थोडी कमी करा.

मग सुधारणा

मागे मोटार असलेल्या या गाड्या वेग देताच पुढून हलक्या होतात आणि वळायचं सोडून सरळ जातात. सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक इलाज म्हणजे पुढच्या बंपरजवळ २० ते ४० ग्रॅम वजन. हे आधी करून बघा, मग टायर. पुढे उभ्या रेघांचे आणि मागे काट्यांचे टायर मातीत उत्तम, पण डांबरावर काटे काही दिवसांत सपाट होतात; तिथे आखूड, दाट खुणांचे टायर घ्या. पोकळ टायर वेगात फुगत असतील तर आत फोमची कडी घाला. १२ मिमी षटकोनी अ‍ॅडॅप्टर लावून आधुनिक चाकं बसवता येतात, मात्र चाक जितकं बाहेर जाईल तितका अ‍ॅक्सलवरचा ताण वाढतो.

लंच बॉक्सचा गिअरबॉक्स वेग देताच उसळतो. तिथे गिअरबॉक्स आणि चासी यांच्यामध्ये पाचवा शॉक लावण्याची सुधारणा प्रसिद्ध आहे. गाडी लगेच शांत होते.

अ‍ॅल्युमिनियमचे चमकदार आर्म घेण्याआधी थांबा. पुढचा प्लॅस्टिक आर्म वाकून धक्का पचवतो. धातूचा आर्म वाकत नाही, मग धक्का चासीच्या टबापर्यंत जातो आणि बदलायला सगळ्यात महाग भाग फुटतो. धातू तिथे घाला जिथे झीज किंवा उष्णता आहे: पिनियन, मोटार प्लेट, शॉकची नळी. नायलॉनचे नवे आर्म १५-२० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवले तर ते ओलावा शोषून जास्त चिवट होतात. कपड्याच्या कृत्रिम धाग्यांचा रंग गरम पाण्यात घालून पांढरं नायलॉन रंगवताही येतं. एबीएस मात्र त्या पाण्यात घालू नका, ते वाकतं.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग वापरायचे तर पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक टाळा, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि मोटारजवळ तेवढी उष्णता सहज होते. पीईटीजी किंवा नायलॉन घ्या, आणि भाग असा छापा की ताण थरांच्या आडवा न येता लांबीने जाईल. बंपरला रबरासारखं लवचिक टीपीयू छान.

आणि आता मोटार. साध्या ५४० नंतरची पायरी तामियाची स्पोर्ट ट्यून्ड मोटार. बेअरिंग आणि पोलादी पिनियन असतील तर ती जुन्या गिअरना झेपते. ब्रशलेस (ब्रश नसलेली) हवीच असेल तर २१.५ किंवा १७.५ वेटोळ्यांची सेन्सर असलेली घ्या आणि ईएससीवर सुरुवातीचा झटका कमी करा. गिअर तुटतात ते कमाल वेगाने नाही, तर थांबलेल्या चाकांवर अचानक आलेल्या झटक्याने. ३००० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे) वर गेलात तर हॉर्नेटचा गिअरबॉक्स टिकणार नाही, त्यात कुठलीही युक्ती चालत नाही.

निगा

वाळूतून आल्यावर पाणी नको, ब्रश आणि दाबाची हवा वापरा. पाण्यात गेलीच तर त्याच दिवशी चाकं काढून बेअरिंग वाळवा आणि एकेक थेंब पातळ तेल सोडा. रात्रभर ओले राहिलेले गंजतात. दर पाच-सहा बॅटऱ्यांनंतर शॉकच्या तळाला तेलाची ओल आहे का बघा. पुढचे आर्म, चाकाचे अ‍ॅक्सल, बॉडी क्लिप आणि एक पिनियन सुटे घेऊन ठेवा, कारण मैदानावर तेच आधी जातात. आठवडाभर चालवायची नसेल तर लिपो प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि गाडी चासीखाली ठोकळा ठेवून चाकं अधांतरी राहतील अशी उभी करा. नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात आणि स्प्रिंग बसतात.